गोणपाटाआडचा उजेड

मिस्त्री कुणाला नमस्कार करत नसत. सकाळी यार्डाच्या गेटातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवत, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या गालावर टेकवून खालची पापणी हलकेच ओढत आणि म्हणत, “वर बग.” मग “खाली बग.” मग “जा.” वेल्डर असो, हेल्पर असो, नाहीतर वाळूचा ट्रक घेऊन आलेला ड्रायव्हर, सगळ्यांना हाच प्रसाद. एकदा पोस्टमन तार घेऊन आला, तर तार हातात घेण्याआधी मिस्त्रींनी त्याचे दोन्ही डोळे तपासले. तो बिचारा इतका गांगरला की सही न घेताच सायकलवर बसून निघून गेला.

मी त्या यार्डात भांडारातला कारकून होतो. वय बावीस, नोकरी पहिलीच, गाव नगरकडचं, आणि शहाणपण गरजेपेक्षा थोडं जास्त. बोईसर म्हणजे तेव्हा एक स्टेशन, चार दुकानं आणि बाकी सगळं गवत. पश्चिमेला तारापूरच्या किनाऱ्यावर मोठं बांधकाम सुरू झालं होतं, त्यासाठी लागणाऱ्या पाइपांचं आणि टाक्यांचं वेल्डिंग आमच्या यार्डात चालायचं. यार्ड एका ठेकेदाराचं. मिस्त्री तिथले वेल्डिंगचे फोरमन, पण ‘फोरमन’ कुणी म्हणत नसे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं.

माणूस दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, काटक, खाकी हाफपँट, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली एक काळी काच. वेल्डिंगच्या ढालीला असते तीच, पण कोपरा उडालेली. सूर्यग्रहण असो वा नसो, बोलता बोलता मधेच ते काच डोळ्यासमोर धरून सूर्याकडे एकदा बघून घेत आणि “हाय जागेवर” म्हणत. सूर्य हा कुठंतरी पळून जाणारा इसम आहे आणि त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम आपल्याकडे आहे, अशी त्यांची समजूत असावी.

दुसरी खोड याहून त्रासदायक. दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. शेजारी माणूस असो नसो, मिस्त्री चालता चालता बोलत राहायचे. “बाबू, आज तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटण येगळं हाय. चार भोकांचं हाय. बाकीची दोन भोकांची.” मी भांडाराच्या टेबलावर मान खाली घालून बसलेला, आणि हे दारात. “बाहेर कावळा हाय. त्याच्या चोचीत काय हाय? दोरी हाय. सुंभ. घरटं करतोय लबाड.” पहिल्या महिन्यात मी ‘हो का’ म्हणायचो. दुसऱ्या महिन्यात मानही वर करेनासा झालो. वेल्डर लोक पाठीमागे त्यांना ‘रेडिओ’ म्हणत. मीही म्हणायचो, उगाच साव कशाला बनू.

आमचं खरं भांडण गोणपाटांवरून होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोणी मी मोजून ठेवायचो, आणि मिस्त्री त्या उसवून, शिवून, त्यांचे पडदे करायचे. जिथं वेल्डिंग चालेल तिथं तिन्ही बाजूंनी पाण्यात भिजवलेली गोणपाटं टांगलेली. शेडची मागची भिंत त्यांनी काजळी आणि जळकं तेल फासून काळीकुट्ट करून ठेवली होती. रस्त्याच्या बाजूच्या कुंपणावरसुद्धा पडदे, कारण बाजाराला जाणाऱ्या बाया आणि शाळेतून येणारी पोरं तो निळा उजेड बघत उभी राहायची. यार्ड लांबून असं दिसायचं की आत कुणीतरी भिकाऱ्यांचं लग्न काढलंय.

“मिस्त्री, कशाला एवढं?” मी एकदा म्हणालो. “वेल्डरच्या तोंडावर ढाल असते. बाकीच्यांनी तिकडे बघू नये, झालं.”

“वेल्डरला काय होत नाय, बाबू. जो बगत नाय त्याला खातो हा उजेड.”

मग त्यांनी मला समजावलं. टेबलावर कांदा ठेवला, माझ्याच डब्यातला. त्याचा आतला, ओला, काचेसारखा पातळ पापुद्रा नखानं सोलून बोटावर घेतला. “बुबुळावर याच्यापेक्षा पातळ साल असते. वेल्डिंगचा उजेड ती भाजून काढतो. पण तिला कळतंच नाय. पाठीला ऊन लागलं तर तेवाच कुठं कळतं? राती कूस बदलताना कळतं. तसंच हाय हे. सा-सात तासांनी डोळ्यात वाळू जाते. डोळा उगडत नाय, मिटवत नाय. माणूस म्हणतो, वारा लागला. म्हणतो, डोळे आले. मग कोण बटाटा बांदतो, कोण चहाचा चोथा बांदतो, कोण आणखी काय घालतो.”

“मग करायचं काय?”

“काय नाय करायचं. अंधारात पडायचं. गार पाण्याची घडी. दोन दिसांत नवी साल येते. पाणी येऊ द्यायचं, पुसायचं नाय. तेच औषद.”

एवढं सांगून त्यांनी तो कांदा खाऊन टाकला.

हेल्परांना ढाली मिळत नसत. पाइपाचं तोंड जुळवून धरायचं, सरळ राहतंय का बघायचं, वेल्डरनं टाका मारला की सोडायचं, हे त्यांचं काम. दुसऱ्या यार्डांत वेल्डर नुसता मान हलवून ढाल खाली पाडायचा आणि हेल्परनं ज्याचं त्यानं बघायचं. आमच्याकडे मिस्त्रींचा कायदा होता. ठिणगी पाडायच्या आधी वेल्डरनं ओरडायचं, “पाठ!” तो शब्द ऐकला की आसपासच्या सगळ्यांनी, हातातलं धरून किंवा सोडून, उजेडाकडे पाठ करायची आणि काळ्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दिवसातून शंभरदा. उत्तरेकडचे वेल्डरसुद्धा हिंदीत बोलता बोलता मधेच शुद्ध मराठीत “पाठ!” ओरडायचे. नवीन माणसाला हसू यायचं. चार दिवसांत त्याच्या अंगवळणी पडायचं, मग तो चहाच्या टपरीवर कुणी ओरडलं तरी गर्रकन फिरायचा.

हेल्परांत जवळच्या सरावली गावची पार्वती होती. पंचविशीची, हाडापेरानं मजबूत, तोंडानं त्याहून. दोन पुरुषांना जुळवता येत नाही असं पाइपाचं तोंड ती एकटी गुडघ्यावर तोलून जुळवायची. मिस्त्रींनी पापणी ओढली की रोज म्हणायची, “बगा, बगा, आत सोनं दडवलंय मी.” मिस्त्री हसत नसत. “वर बग” एवढंच.

शनिवारी दुपारी मिस्त्री गाडीनं केळवे रोडला उतरून केळव्याला जायचे, सोमवारी पहाटे परत. तिथं त्यांची वाडी होती, बायको होती, धाकटा भाऊ होता. भावाविषयी विचारलं की म्हणायचे, “पानवेल बगतो.” जाताना गाडीच्या खिडकीत बसून तोंडानं पुटपुटत असायचे. मला वाटायचं, जप करतात.

तर एका आठवड्यात असं झालं की मुंबईहून मोठे साहेब मंगळवारी यार्ड बघायला येणार असल्याचं पत्र आलं. पुढच्या टाक्यांचं काम आम्हाला द्यायचं की नाही, हे त्या भेटीवर ठरणार होतं. मिस्त्री नेमके शनिवारी केळव्याला गेले होते आणि सोमवारचीही रजा टाकून गेले होते, भावाला ताप होता म्हणून. मॅनेजरसाहेबांनी शेडमध्ये उभं राहून चौफेर बघितलं आणि मला विचारलं, “हे काय लटकवलंय? ही काय धर्मशाळा आहे? आणि ती भिंत?”

“मिस्त्रींनी...” मी म्हणालो.

“मिस्त्री नाहीयेत. तुम्ही आहात ना?”

मी होतो. खरं सांगतो, मला त्या क्षणी आनंद झाला. इतके दिवस ज्या गोणींसाठी मी भांडत होतो त्या सगळ्या खाली उतरवून, घड्या घालून, भांडारात मोजून ठेवल्या. रविवारी दोन गडी लावून मागची भिंत खरवडली आणि तिला चुना लावला. गडी आळशी होते म्हणून शेवटचे दोन हात मी स्वतः मारले. वाळल्यावर भिंत अशी झळकली की शेड दुप्पट मोठी वाटायला लागली. मी लांब उभं राहून बघितलं आणि मनात म्हटलं, येऊ देत मिस्त्री, बघू देत, काम कसं असतं ते.

सोमवारी दिवसभर घाईचं वेल्डिंग झालं. वेल्डर ओरडायचे, “पाठ!” आणि सगळे हेल्पर गर्रकन फिरायचे. फिरून कुठं बघायचे? पांढऱ्या भिंतीकडे. डोळे उघडे, बिनधास्त, कारण पाठ केली की झालं असंच त्यांना शिकवलेलं. मागचा उजेड भिंतीवर आदळून सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. वेल्डरांच्या ढालीतही मागून तोच शिरत होता. दिवसभर शंभरदा ते सगळे त्या भिंतीसमोर उभे राहिले, मिस्त्रींचा कायदा पाळत. मी दोनदा भांडारातून डोकावून बघितलं. मला दिसली ती फक्त माझी स्वच्छ भिंत.

मंगळवारी सकाळी गेटाजवळ नऊ माणसं जमिनीवर बसली होती. सात हेल्पर आणि दोन वेल्डर. डोळे सुजलेले, गालांवरून पाणी, पदर आणि गमछे तोंडावर. पार्वतीला तिच्या दिरानं हाताला धरून आणलं होतं. ती डोकं गेटाच्या खांबावर आपटत होती आणि म्हणत होती, “काढा, कुणीतरी काढा, आत काच हाय.”

मॅनेजरसाहेबांचं तोंड पांढरं पडलं, पण माणसांमुळे नाही. मोठे साहेब अकरा वाजता येणार होते. त्यांनी बाजारातल्या एका कंपाउंडरकडे शिपाई पाठवला. तो एक छोटी बाटली घेऊन आला. “एकेक थेंब टाका,” मॅनेजर मला म्हणाले. “मिनिटात बरे होतील.”

पहिली पार्वती. मी तिची पापणी ओढली, मिस्त्री ओढायचे तशीच, आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकला. मिनिटसुद्धा लागलं नाही. तिनं डोळे उघडले. लालभडक होते, पण उघडले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलीसारखी हसली. “गेलं, बाबू. सगळं गेलं. देव भेटला.” आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाला तरी बरं केलं, असं वाटलं. दुसऱ्याकडे वळलो तोच कुणीतरी माझं मनगट धरलं.

मिस्त्री पहिल्या गाडीनं आले होते. हातात पिशवी तशीच. त्यांनी बाटली घेतली, बोटावर थेंब घेतला आणि जिभेला लावला. डोळे मिटून थोडा वेळ थांबले.

“जीब मेली,” म्हणाले. “तशीच डोळ्याची साल मरते. ज्याला दुकत नाय तो चोळतो. चोळतो, उजेडात फिरतो, परत थेंब मागतो. साल यायची बंद होते. मग बुबुळ नासतं.” आणि त्यांनी बाटली जमिनीवर उपडी केली. पाण्याचा एवढासा डाग पडला आणि धुळीत जिरला.

“अहो, काय केलंत!” मॅनेजर ओरडले.

मिस्त्री शेडकडे बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. “भिंत कुणी केली?” त्यांनी विचारलं.

“मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं,” मी म्हणालो. शब्दाला शब्द खरं होतं ते. मिस्त्रींची नजर माझ्या हातांवर गेली, थोडी थांबली, आणि ते भांडाराकडे वळले.

बिनखिडकीची खोली यार्डात एकच, माझं भांडार. मिस्त्रींनी वेल्डिंगच्या रॉडचे खोके बाहेर काढायला लावले, मी घडी घालून ठेवलेली गोणपाटं जमिनीवर अंथरली, काही दारावर टांगली, आणि नऊ माणसांना आत निजवलं. प्रत्येकाच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी. पार्वतीच्या डोळ्यांतला थेंब तासाभरात उतरला आणि मग तिनं जो आकांत केला तो अजून माझ्या कानात आहे. “तो थेंब दे! म्हाताऱ्या, तुझं वाटोळं होईल, तुझे डोळे फुटतील, तो थेंब दे!” ती हात डोळ्यांकडे न्यायची. मिस्त्री म्हणायचे, “हात खाली. पाणी येऊ दे. पुसू नको.” ती आणखी शिव्या द्यायची.

मग मिस्त्री भांडाराच्या उंबऱ्यावर बसले, पडद्याच्या बाहेर, आतल्यांकडे पाठ करून. आणि सांगायला लागले. जे दिसेल ते.

“गेटावर टांगा आलाय. घोडा पांढरा नाय, मळकट हाय, त्याच्या कानात निळा मणी बांदलाय. टांगेवाल्यानं चाबूक खांद्यावर टाकलाय... कुत्री आली, ती पिवळी. तिला चार पिल्लं हायत, तीन दिसतायत, चौतं कुटं? हां, पाइपात हाय. आत गेलं न् आता भायेर येता येत नाय त्याला...”

आतून कण्हणं ऐकू येत होतं. हळूहळू ते कमी झालं. मधेच एक हिंदी आवाज आला, “पिल्ला बाहर आया क्या?”

“आलं. नाकावर ग्रीस लागलंय,” मिस्त्री म्हणाले.

अकरा वाजता मोठे साहेब आले. मी भांडाराबाहेर उभा होतो, सगळं बघत होतो, तरी माझ्या आठवणीत ते सगळं मिस्त्रींच्याच तोंडून आहे. “काळी गाडी आली. धुळीनं तपकिरी झालीय. साएब उतरले. उंच हायत, चष्मा हाय. शेडमदी गेले. भिंत बगतायत. कोण काम करत नाय म्हणून इचारतायत. मॅनेजरसाएब घाम पुसतायत, निळा रुमाल हाय... आता साएब गाडीत बसले. दहा मिनिटंबी झाली नाय. गाडी गेली. धूळ हाय नुसती.” मग त्याच आवाजात, “आता मॅनेजरसाएब माज्याकडं येतायत. कान लाल झालेत. बोट माज्याकडं हाय. म्हणतायत, उद्यापासनं येऊ नको. म्हणतायत, तुझ्यामुळं काम गेलं. थुंकी उडतेय. आता गेले. चपलेचा अंगठा तुटलाय त्यांच्या, उजव्या पायाचा.”

मग पार्वतीचा आवाज आला, बसलेला, “मग? कुत्री कुटं गेली?”

मिस्त्री संध्याकाळपर्यंत सांगत राहिले. घसा बसला तरी थांबले नाहीत. मी मडक्यातलं पाणी नेऊन देत होतो. दर वेळी वाटायचं, आता सांगावं, भिंत मी रंगवली. आणि दर वेळी तांब्या ठेवून परत यायचो. मी भेकड होतो, दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ जणांचे डोळे उघडले. पार्वतीचे तिसऱ्या दिवशी. मिस्त्री तोपर्यंत बोईसरची आपली राहायची खोली रिकामी करून केळव्याला गेले होते.

शनिवारी पार्वती भांडारात आली. दाराशीच उभी राहिली. “मी त्यास्नी लई वंगाळ बोलले, बाबू. बोललेलं परत कसं घ्यायचं?” मला काय माहीत? मी स्वतः न बोललेलं घेऊन बसलो होतो. तिनं पदरातून एक लुगड्याचा तुकडा काढला. त्यात सुई टोचली होती, आणि सुईत लाल दोरा ओवलेला. “मी ओवला. कुणाला ओवायला दिला नाय. त्यास्नी नेऊन द्या. म्हणावं, पार्वतीचे डोळे हायत.”

रविवारी मी केळव्याला गेलो. स्टेशनवरून टांगा, मग नारळी-पोफळींच्या सावलीतून पायवाट. इतकी सावली मी त्याआधी कुठं बघितली नव्हती. वाडीच्या तोंडाशी एक माणूस पानवेलीला केळीच्या सोपटानं आधार बांधत होता. मिस्त्रींचाच चेहरा, दहा वर्षांनी लहान. हात झपझप चालत होते, पण चेहरा भलतीकडे होता. माझ्या पायांचा आवाज ऐकून तो वळला. त्याची दोन्ही बुबुळं दुधाच्या सायीसारखी पांढरी होती.

“भांडारातले बाबू,” तो म्हणाला.

मी दचकलो. “तुम्ही कसं ओळखलंत?”

“डाव्या पायावर जोर देऊन चालता. दादानं सांगितलंय. सदऱ्याचं बटण लावलं का सारकं?” आणि तो हसला. “बसा. दादा शहाळी काढायला गेलाय. दर रविवारी सगळा आठवडा सांगतो मला. गाडीत बसून घोकत येतो, इसरू नये म्हणून. तुमचं बोईसर मी तुमच्यापेक्षा जास्ती बगितलंय.”

तर तो जप तो होता. मी ओट्यावर बसलो. आणि विचारायला नको होतं ते विचारलं. “तुमचे डोळे...?”

“मुंबईला गोदीत होतो आमी. दादा वेल्डर, मी त्याचा हेल्पर. वेल्डिंगची चमक लागली डोळ्यांना. काम सुटंल म्हणून थेंब घातले, अकरा दिवस. दुकलं का थेंब, दुकलं का थेंब. बाराव्या दिवशी उजेडच गेला.” तो सोपट गुंडाळत सांगत होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसा. मग आवाज खाली आणला. “दादा म्हणतो, कंपाउंडर येऊन घालून जायचा. मी हो म्हणतो. पण कंपाउंडरचा अंगठा असा खरबरीत असतो का, बाबू? त्याला रॉडच्या धुराचा वास येतो का? सगळं खरं सांगतो मला दादा, बारीक-सारीक सगळं. एवढी एकच गोष्ट खोटी. ती मी त्याला सोडून दिलीय.”

पाठीमागे पाचोळा वाजला. मिस्त्री आले, एका हातात शहाळ्यांचा घड, दुसऱ्यात कोयता. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. घड खाली ठेवला, माझ्यासमोर आले, अंगठा गालावर. “वर बगा. खाली बगा.” माझे डोळे तपासून झाले.

मी पार्वतीची सुई त्यांच्या हातात दिली आणि निरोप सांगितला. त्यांनी सुई उजेडाकडे धरून बघितली. मग भावाच्या तळहातावर ठेवली. “सुईत दोरा हाय. लाल. सरावलीच्या पार्वतीनं ओवलाय.” भावानं सुईच्या नेढ्यावरून बोट फिरवलं, मग दोरा शेवटापर्यंत चाचपला. “बारीक नेढं हाय,” तो म्हणाला. “चांगले डोळे हायत.”

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. “मिस्त्री,” मी म्हणालो, “भिंत मी रंगवली. सांगितलं मॅनेजरनी, पण हौसेनं मी रंगवली. पार्वतीच्या डोळ्यांत थेंबही मीच घातला.”

“माहीत हाय,” मिस्त्री म्हणाले. “नखांत चुना होता तुमच्या.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? तुमची नोकरी गेली. मला चार शिव्या तरी द्यायच्या.”

“ते तुमी बोलायचं होतं. मी बोलून काय?”

ते खाली बसले आणि एक शहाळं पायांत धरलं. कोयता उचलला. उचललेला तसाच राहिला. मी बघत होतो. भाऊ हातातला दोरा चाचपत होता. वाडीत फक्त माडांच्या झावळ्यांचा आवाज होता. रोज दिसेल ते बोलणारा तो माणूस इतका वेळ गप्प बसलेला मी कधी बघितला नव्हता.

“बाळ,” शेवटी ते म्हणाले. “गोदीतले ते थेंब. कंपाउंडरनं नाय घातले.”

“हं,” भाऊ म्हणाला. “शहाळं फोड. बाबूंना तहान लागली असंल.”

कोयता खाली आला नाही. भावानं मान तिरकी करून ऐकलं. “दादा? काय झालं? सांग ना, काय दिसतंय?”

मिस्त्रींनी कोयता बाजूला ठेवला. भावानं माझ्याकडे चेहरा वळवला. “बाबू, तुमी सांगा.”

मला ते काम येत नव्हतं. पण त्या दिवशी केलं. “मिस्त्री बसलेत,” मी म्हणालो. “पायांत शहाळं आहे. कोयता हातातून खाली ठेवलाय. डोळे उघडे आहेत, दोन्ही, आणि पाणी येतंय. बरंच येतंय. आता हात वर नेतायत.”

“हात खाली म्हणावं,” धाकटा भाऊ म्हणाला. “येऊ दे पाणी. पुसू नको.”